जुना लॅपटॉप पुन्हा उभा करताना: हार्डवेअरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चार-पाच मित्र लोकांच्या माळ्यावर पडलेले लॅपटॉप गोळा करतो, चालू करतो आणि बारावी-डिप्लोमाच्या मुलांना देतो. हे कळल्यापासून आम्हाला प्रश्न येतात, आणि फिरून फिरून तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. जमेल तिथे उत्तर लेनोव्होचा थिंकपॅड टी४३० लॅपटॉप धरून दिलं आहे. २०१२ सालचं हे मॉडेल ऑफिसांतून मोठ्या संख्येने बाहेर पडलं, त्याचे सुटे भाग अजून मिळतात आणि ते उघडायला सोपं आहे. तुमचा लॅपटॉप वेगळा असेल तरी तपासायची पद्धत तीच राहते.

१. लॅपटॉप हातात आल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

उघडायचा नाही. लोक इथेच चुकतात. आधी देणाऱ्याला विचारा: बंद कसा पडला? हळूहळू, एकदम, पडल्यावर, की वीज जाऊन आल्यावर? "चालूच होता, मग नवीन घेतला म्हणून ठेवून दिला" असं उत्तर मिळालं, तर बहुतेक वेळा बॅटरी, घड्याळाचा सेल आणि हार्ड डिस्क याच्यापुढे काही निघत नाही. "दुकानात दाखवला होता, त्यांनी परत दिला" असं म्हणाले तर सावध व्हा. आतले स्क्रू आधीच गायब असतील आणि चांगली रॅम जाऊन तिथे भलतीच आली असेल.

मग वास घ्या. हसू नका. जळका वास व्हेंटजवळ (गरम हवा बाहेर पडायच्या जाळीजवळ) येतो की चार्जरच्या खाचेजवळ, यावरून अर्धा तास वाचतो. हलवून बघा, आत काही खुळखुळतंय का. सगळ्या पोर्टांत टॉर्च मारा. आमच्याकडे एका यूएसबी पोर्टमध्ये कोळ्याचं घर निघालं होतं आणि एका पंख्यात झुरळाची अख्खी वसाहत.

२. कुठला लॅपटॉप दुरुस्तीला घेऊच नये?

आमचा नियम असा: लागणाऱ्या भागांची किंमत, चालू अवस्थेतल्या तशाच जुन्या लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेली की तो "डोनर". म्हणजे त्याची रॅम, स्क्रीन, कीबोर्ड, बिजागऱ्या, स्क्रू काढून ठेवायचे आणि बाकीचं ई-कचऱ्यात द्यायचं. बोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडलेले असतात तो मदरबोर्ड, शॉर्ट आणि स्क्रीनही फुटलेला असेल तर हिशोब करायचीही गरज नाही. सारख्या मॉडेलचे दोन मेलेले लॅपटॉप मात्र सोडू नका, त्यांतून एक जिवंत होतोच. बायोसला (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला) पासवर्ड असलेल्यांबद्दल प्रश्न २० पाहा.

३. काय काय हत्यारं लागतात? महागडं किट घ्यावं लागेल का?

नाही. चांगल्या पोलादाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, शून्य आणि दुहेरी शून्य नंबरचा. स्वस्त संचातल्या टोकांनी स्क्रूची डोकी झिजतात आणि मग रडायची वेळ येते. शिवाय प्लॅस्टिकचा ओपनर (गिटारची पिक किंवा जुनं सिमकार्ड चालतं), चिमटा, मऊ ब्रश, खोडरबर आणि साधा मल्टिमीटर. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे दुकानदार ज्याला आयपीए म्हणतात ते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतं. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, प्लॅस्टिक खातात.

स्क्रू ठेवायला इडलीपात्र घ्या. हे गमतीने लिहिलेलं नाही. एका खळग्यात खालच्या झाकणाचे, दुसऱ्यात कीबोर्डचे, तिसऱ्यात बिजागऱ्यांचे, असं केलं की गोंधळ होत नाही. का, ते प्रश्न २३ मध्ये आहे.

४. चार्जर लावला, बटण दाबलं, काहीच होत नाही. बोर्ड गेला का?

बहुतेक वेळा नाही. या क्रमाने जा.

बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढा. पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आतल्या कपॅसिटरांत उरलेला चार्ज निघून जातो आणि अडकून बसलेला कंट्रोलर मोकळा होतो. आता बॅटरी न लावता फक्त चार्जर लावून चालू करा. वर्षानुवर्षं पडून असलेले कितीतरी लॅपटॉप एवढ्यावरच उठतात.

नाही उठला तर मल्टिमीटरने चार्जर मोजा. टी४३०ला २० व्होल्ट लागतात, बऱ्याच डेल आणि एचपींना १९.५. मोजताना व्होल्ट बरोबर दिसले म्हणून चार्जर चांगलाच, असं समजू नका. भार आल्यावर कोसळणारे चार्जर असतात, म्हणून शक्य असेल तर दुसरा लावून बघा. त्यानंतर खाच: पिन लावून हलकेच हलवली की दिवा लुकलुकतो का? पुष्कळ मॉडेलांत ही खाच छोट्या वायरीने बोर्डाला जोडलेली असते आणि पाच मिनिटांत बदलते. काहींत ती बोर्डावरच डाग दिलेली असते, तिथे सोल्डरिंग येणारा माणूस लागतो.

मग एकेक भाग काढत जा: हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, वायफाय कार्ड, एक रॅम. शॉर्ट झालेला एखादा भाग अख्खं यंत्र दाबून ठेवू शकतो. उघडा बोर्ड आणि एक रॅम एवढ्यावरही दिवा लागला नाही, तरच बोर्डाकडे बोट दाखवा.

५. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळा. पॅनेल बदलू का?

थांबा. आधी अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट अक्षरं दिसली तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. २००९-१०च्या आधीच्या पुष्कळ लॅपटॉपांत हा उजेड बारीक ट्यूबचा असतो आणि तिला इन्व्हर्टर नावाची छोटी पट्टी वीज पुरवते. तिथे शेकडो व्होल्ट असतात, चालू असताना हात लावू नका. नंतरच्या यंत्रांत एलईडी असतात.

काहीच दिसत नसेल तर बाहेरचा मॉनिटर लावा. त्यावर चित्र आलं तर संशय पॅनेलवर, त्याच्या केबलवर किंवा झाकण बंद झाल्याचं ओळखणाऱ्या सेन्सरवर. झाकण पुढे-मागे करताना चित्र येत-जात असेल, तर दोष बिजागरीतून जाणाऱ्या केबलचा समजा.

बाहेरच्या मॉनिटरवरही काही नसेल तर रॅम. दोन्ही पट्ट्या काढा, सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा, भुसा झटका आणि एका वेळी एकच पट्टी, एकेका खाचेत लावून बघा. कोकणातल्या दमट हवेत दातांवर थर चढतो. आमच्याकडे "डेड" म्हणून आलेले कितीतरी लॅपटॉप दोन रुपयांच्या खोडरबराने चालू झाले आहेत.

६. रॅम किती वाढवता येईल आणि कुठली घ्यायची?

प्रोसेसर आणि चिपसेटवर अवलंबून. जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या, डीडीआर३ प्रकारची रॅम घेणाऱ्या लॅपटॉपांची कमाल सहसा ८ जीबी. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरना, म्हणजे टी४३०लाही, दोन खाचांत मिळून १६ जीबी. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या खाचेत बसतच नाहीत (दातांची संख्या अनुक्रमे २०४ आणि २६०), त्यामुळे जबरदस्ती करू नका.

व्होल्टेजचा घोळ जास्त होतो. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची, "एल" वाली १.३५ची. एल वाली पट्टी १.५वरही चालते, पण चौथ्या पिढीपासूनच्या डीडीआर३ वाल्या लॅपटॉपांना फक्त एल वालीच लागते. म्हणून घेताना एल वाली घ्या. काही मॉडेलांत एक खाच खालच्या झाकणाखाली आणि दुसरी कीबोर्डखाली असते. "माझ्या लॅपटॉपला एकच खाच आहे" म्हणणाऱ्यांनी कीबोर्ड उचलून बघावा.

७. मधूनच निळा स्क्रीन येतो, हँग होतो. विंडोज पुन्हा टाकलं तरी तेच. आता?

पुन्हा टाकूनही तेच म्हणजे दोष हार्डवेअरचा. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम टाकून लॅपटॉप रात्रभर लावून ठेवा. एकही लाल ओळ आली तर रॅम नापास, "एकच तर चूक आहे" असं चालत नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक वेगळी तपासा. दोन्ही एकाच खाचेत पास आणि दुसऱ्या खाचेत नापास असतील तर खाच खराब आहे. रॅम स्वच्छ निघाली तर डिस्क (प्रश्न ८) आणि तापमान (प्रश्न १०) बघा.

८. आहे ती हार्ड डिस्क ठेवली तर चालेल का? डिस्क तपासणारा क्रिस्टल डिस्क इन्फो प्रोग्रॅम "कॉशन" दाखवतोय.

जुन्या लॅपटॉपवर एकाच गोष्टीला पैसे खर्च करायचे असतील तर ते एसएसडीला, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कला, करा. रॅम ४ची ८ केल्याने जेवढा फरक पडतो त्याहून कितीतरी जास्त इथे पडतो.

तरी डिस्क तपासायची तर स्मार्टमधल्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींतल्या, तीन ओळी बघा. क्रमांक ०५ म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे धड वाचता न येणारे, निकालाच्या प्रतीक्षेत असलेले. सी६ म्हणजे हात टेकलेले. सी५ वाढत असेल तर आजच डेटा काढा. ०५चा आकडा छोटा आणि महिनाभर तसाच असेल तर डिस्क बिनमहत्त्वाच्या कामाला चालेल. सी७ वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, तो केबलचा किंवा कनेक्टरचा असतो.

आणि एक: आलेल्या डिस्कवर कुणाचे तरी लग्नाचे फोटो असतात. पुसण्याआधी मालकाला एकदा विचारा. आम्ही सुरुवातीला विचारत नव्हतो. एका काकूंच्या गेलेल्या यजमानांचे आवाज त्यात होते हे डिस्क पुसल्यानंतर कळलं.

९. नवी एसएसडी आणली, पण बसत नाही किंवा दिसत नाही.

बसत नसेल तर जाडी बघा. जुन्या बऱ्याच जागा ९.५ मिलिमीटरच्या, आजच्या सॅटा (डिस्क जोडायची एक पद्धत) एसएसडी ७च्या. सैल बसते म्हणून कनेक्टरवर ताण येतो, तेव्हा सोबत येणारी प्लॅस्टिकची चौकट लावा. ती नसेल तर जाड पुठ्ठा चालतो. उलटा प्रकार थिंकपॅड एक्स२२० आणि एक्स२३०चा: तिथे जागाच ७ची, जाड डिस्क जात नाही.

दिसत नसेल तर प्रकार बघा. एम.२ आकाराच्या पट्ट्या दोन स्वभावांच्या असतात, सॅटा आणि त्याहून वेगवान एनव्हीएमई. दिसायला जवळजवळ सारख्या. सॅटाच्या खाचेत एनव्हीएमई चालत नाही. टी४३०ला तर एम.२ची खाचच नाही. तिथे मोबाइल डेटाकार्डाच्या जागी एमसॅटाची (सॅटा एसएसडीच्या जुन्या छोट्या आकाराची) पट्टी बसते, पण ती खाच सॅटा-२ची, ३ गिगाबिटची आहे. म्हणून तिथे मिळाला तेवढा वेग घ्या, किंवा मुख्य जागी २.५ इंची एसएसडी लावा आणि एमसॅटा साठवणीला ठेवा.

१०. पंखा विमानासारखा वाजतो आणि लॅपटॉप मधेच बंद पडतो.

धूळ. पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्यांच्या मधे नमद्यासारखी गादी तयार होते, ती बाहेरून फुंकून जात नाही. पंखा सोडवून ती गादी चिमट्याने अख्खी उचलायची. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याच्या पात्यात टूथपिक अडकवा. हवेच्या झोताने पंखा भरधाव फिरला की बेअरिंग जातं.

मग थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक यांच्या मधला लेप. जुनी खडूसारखी झालेली असते, आयपीएने दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत पुसा. नवी तांदळाच्या दाण्याएवढी. हीटसिंकचे स्क्रू ज्या क्रमाचे आकडे शेजारी छापलेले असतात त्याच क्रमाने, थोडे थोडे करत आवळा.

किती तापमान ठीक? नुसता चालू असताना ४०-५० अंश, जोरात काम करताना ७०-८५. टी४३०मध्ये येणाऱ्या आय५-३३२०एम प्रोसेसरची शेवटची मर्यादा १०५ आहे, तिथपर्यंत गेला की तो स्वतःच वेग तोडतो आणि शेवटी बंद पडतो. थिंकपॅड सुरू होतानाच "फॅन एरर" लिहून बंद होत असेल तर पंखा फिरतच नाहीये. तेल टाकून महिनाभर चालेल, बदलणंच बरं.

११. पेस्ट बदलली तर आधीपेक्षा जास्त तापतोय! काय चुकलं?

तीनपैकी एक. हीटसिंक एका बाजूला आवळला गेला, किंवा पंख्याची वायर त्याखाली चिमटली, किंवा थर्मल पॅड (उष्णता पुढे नेणारी मऊ पट्टी) काढून टाकून त्या जागी पेस्ट भरली. पॅड अर्धा किंवा एक मिलिमीटर जाड असतो. ती फट पेस्टने भरत नाही. पॅड फाटला असेल तर तितक्याच जाडीचा आणा. जास्त जाड टाकलात तर हीटसिंक प्रोसेसरवरून उचलला जातो आणि तुमचा प्रश्न पुन्हा हाच येतो.

१२. बॅटरी ३० टक्के दाखवते आणि फट्कन बंद.

आतल्या सेलांची एक जोडी बाकीच्यांच्या आधी दमली आहे. सहा सेलांच्या बॅटरीत दोन-दोनच्या तीन जोड्या एकापाठोपाठ असतात, एक कोसळली की सगळी बंद. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरीचा अहवाल निघतो. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता हे दोन आकडे बघा. दुसरा पहिल्याच्या निम्म्याखाली असेल तर बॅटरी बदलायची, किंवा लॅपटॉप सतत प्लगवर चालवायचा हे ठरवून टाकायचं.

दुसऱ्या कंपनीची बॅटरी घेताना टी४३०वाल्यांनी सावध राहा. या पिढीपासून थिंकपॅडचा बायोस बॅटरीची ओळख तपासतो आणि न पटल्यास ती चार्जच करत नाही. विकणाऱ्याकडून परत घेण्याची हमी असल्याशिवाय घेऊ नका. "जुन्याच खोक्यात नवे सेल टाकून देतो" म्हणणारे असतात. सेल तोडताना आतल्या सर्किटची वीज एकदा गेली की काही सर्किटं स्वतःला कायमचं कुलूप लावून घेतात. त्याशिवाय लिथियमच्या सेलवर घरी डाग देणं म्हणजे आगीशी खेळ आहे. आम्ही करत नाही.

१३. टचपॅड वर आलाय, झाकण नीट मिटत नाही.

बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, वापर थांबवा. टोचू नका, दाबून बसवू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. काढता आली तर अलगद काढून घराबाहेर, जळण्यासारख्या वस्तूंपासून दूर, पत्र्याच्या डब्यात वाळूवर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. २०२२च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवरही आहे.

१४. डेलला साधा चार्जर लावला. चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि फार हळू झालाय.

डेलच्या गोल पिनच्या मधल्या सुईतून चार्जर स्वतःची ओळख सांगतो, त्यासाठी चार्जरात एक छोटी चिप असते. ओळख पोहोचली नाही की लॅपटॉप म्हणतो, चार्जरचा प्रकार कळत नाही, आणि खबरदारी म्हणून चार्जिंग थांबवून प्रोसेसर धिमा करतो. कारण नकली चार्जर असेल, वाकलेली सुई असेल किंवा खाचेची वायर तुटलेली असेल. अस्सल चार्जर लावूनही तेच आलं, तर खाच बदला.

१५. धातूच्या भागाला हात लावला की झिणझिण्या येतात. लॅपटॉप शॉर्ट आहे का?

शॉर्ट नाही. हा प्रश्न आम्हाला महिन्यातून एकदा तरी येतो. चार्जरच्या आत गोंगाट गाळायला बसवलेल्या कपॅसिटरमधून अगदी बारीक प्रवाह बाहेरच्या बाजूला झिरपतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात ॲडॉप्टर लावून खुपसला, किंवा घरात अर्थिंगची वायर फक्त नावापुरती असली, की लॅपटॉपचं अंग अर्ध्या विजेच्या दाबावर, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. प्रवाह नगण्य असल्याने माणसाला नुसती मुंगी चावल्यासारखं वाटतं, पण उघड्या बोर्डावर काम करताना तोच एखादी चिप घालवू शकतो. उघडण्याआधी चार्जर काढाच, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. झटका सणसणीत बसत असेल तर मात्र चार्जरच खराब आहे, फेकून द्या.

१६. दर वेळी तारीख मागे जाते आणि सुरू होताना ०२७१ किंवा ०२५१ येतं.

घड्याळाचा सेल संपला. आत सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा, लॅपटॉपमध्ये वायर आणि छोट्या कनेक्टरसह गुंडाळलेला. मोजून २.७च्या खाली असेल तर बदला. मूळ वायर काढून नव्या सेलवर सोल्डरिंगने डाग देऊ नका, तापून सेल फुटतो. वायरसह तयार मिळतो तो घ्या. आकडे थिंकपॅडचे आहेत, इतर कंपन्यांत शब्द वेगळे, अर्थ हाच.

१७. बिजागरीजवळ प्लॅस्टिक तुटलंय. फेव्हिक्विकने चिकटवलं, परत सुटलं.

सुटणारच. नुसता फेव्हिक्विक ठिसूळ होतो. आणि मूळ रोग प्लॅस्टिकचा नाही, बिजागरीचा आहे. आतलं ग्रीस सुकून ती घट्ट झाली, म्हणून प्रत्येक उघड-मिटीत प्लॅस्टिकमधले पितळी नट उपटले गेले. आधी बिजागरीची नट पाव फेरा सैल करा, थेंबभर ग्रीस द्या. झाकण दोन बोटांनी उघडलं पाहिजे. मग पितळी नट जागेवर बसवून भोवती अॅराल्डाइट भरा, त्याआधी प्लॅस्टिक सँडपेपरने खरखरीत करा. नटच्या आत अॅराल्डाइट जाऊ नये म्हणून स्क्रूला व्हॅसलिन लावून तो नटमध्ये फिरवून ठेवा. पूर्ण चोवीस तास हात लावू नका.

१८. स्क्रीन फुटलाय. १४ इंचाचा कुठलाही पॅनेल चालेल का?

नाही. पॅनेलच्या मागचा मॉडेल नंबर हीच खरी ओळख, लॅपटॉपचं नाव नव्हे. आकारापाठोपाठ कनेक्टर बघा: टी४३०च्या काळात ४० पिनचा एलव्हीडीएस, त्यानंतरच्या पिढ्यांत बहुतेक ३० पिनचा ईडीपी. हे दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. इथली खरी खोच अशी की टचस्क्रीनच्या किंवा जास्त रिझोल्युशनच्या काही ईडीपी पॅनेलांनाही ४० पिन असतात, त्यामुळे नुसत्या पिन मोजून खरेदी करू नका. कनेक्टर लावण्याआधी बॅटरी काढा. अर्धवट बसलेल्या कनेक्टरमधून वीज गेली तर उजेडाचा फ्यूज उडतो, आणि तो बोर्डावर असतो.

१९. वायफाय कार्ड बदललं तर लॅपटॉप सुरूच होईना. १८०२ असं काहीतरी आलं.

टी४३०सकट त्या काळच्या थिंकपॅडांच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की यंत्र तिथेच अडून बसतं. कार्ड काढा, सुरू होईल. पर्याय दोन: त्याच मॉडेलसाठी लेनोव्होचा भाग क्रमांक असलेलं कार्ड, किंवा यूएसबीचं छोटं वायफाय. आम्ही दुसरा घेतो.

२०. बायोस पासवर्ड मागतो. घड्याळाचा सेल काढला की जातो ना?

साध्या डेस्कटॉपवर जातो. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, सेल काढून काही होत नाही. विकणाऱ्याकडे परत न्या. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर त्यांचा आयटी विभाग तो काढून देऊ शकतो. विकणारा टाळाटाळ करत असेल तर लॅपटॉप मुळात कुणाचा, हा प्रश्न आधी विचारा. कुलूप तोडायला आम्ही मदत करत नाही.

२१. चहा सांडला. तांदळात ठेवलाय, दोन दिवसांनी चालू करू?

तांदूळ भाताला ठेवा. त्याने आतलं पाणी ओढलं जात नाही, भुकटी तेवढी आत जाते. आणि चहा म्हणजे नुसतं पाणी नव्हे, दूध-साखर बोर्डावर चिकटून राहते, ओल धरते आणि हळूहळू तांबं खाते. आठवडाभर बरा चालून मग मेलेले लॅपटॉप याच जातीचे.

लगेच चार्जर आणि बॅटरी काढा. उलटा, तंबूसारखा ठेवा. मग उघडून बोर्ड बाहेर काढा, आयपीए आणि मऊ दातब्रशने घासा, चिपांच्या खालपर्यंत पोहोचू द्या, पंख्याखाली पूर्ण दिवस वाळवा. कीबोर्ड सहसा वाचत नाही, नवा लावा.

पुराचं पाणी ही वेगळी गोष्ट. २०१९ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१च्या जुलैत चिपळूणला पाणी शिरलं, त्यानंतर चिखलाने भरलेले कितीतरी लॅपटॉप लोकांनी "वाळवलेत" म्हणून आणले. वाळलेला गाळ ओल्यापेक्षा वाईट. बॅटरी काढलेला बोर्ड आधी स्वच्छ पाण्याने धुवा, हो, पाण्याने, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने, आणि मगच आयपीए. हार्ड डिस्क मात्र धुऊ नका, चालूही करू नका. तिला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून गाळ आत गेलेला असू शकतो. डेटा हवा असेल तर ती तशीच डेटा काढणाऱ्यांकडे द्या.

२२. मेकॅनिक म्हणतो ग्राफिक्सची चिप गरम करून चालू करून देतो. करू?

नको. तापवल्याने चिपच्या आतले तुटलेले सांधे काही दिवस पुन्हा टेकतात, रोग तिथेच राहतो. २००६ ते २००८च्या सुमाराच्या एनव्हिडियाच्या बऱ्याच लॅपटॉप चिपांत हा दोष कारखान्यातूनच होता. कंपनीने जुलै २००८मध्ये त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचं जाहीर केलं होतं. त्या काळातला वेगळ्या ग्राफिक्सचा लॅपटॉप फुकट मिळाला तरी डोनर समजा. फक्त इंटेलचं ग्राफिक्स असलेला त्याच मॉडेलचा बोर्ड मिळाला तर तो लावा, हा खरा इलाज.

२३. सगळं जोडलं, चालूही झाला. दोन स्क्रू उरलेत. राहू देत?

कुठले ते बघा. खालच्या झाकणाचे असतील तर चालेल. हीटसिंकचे किंवा बिजागरीचे असतील तर पुन्हा उघडा. त्याहून वाईट उलटा प्रकार: सगळे बसले, पण लांब स्क्रू आखूड जागी गेला. ३ मिलिमीटरच्या जागी ६चा आवळला की तो खालून बोर्डात घुसतो आणि आतल्या रेषा कापतो. वर्षभर मेहनत करून जमवलेला एक टी४३० आम्ही असाच मारला, कीबोर्डपुढच्या मनगट टेकायच्या पट्टीवर छोटा उंचवटा दिसत असूनही. आवळताना जोर लागला, किंवा वरच्या बाजूला फुगवटा आला, की तिथेच थांबून स्क्रू काढा आणि इडलीपात्राकडे बघा.